दोन्या तोमासाला कसं मारावं

दोन्या तोमासा रोज सकाळी एकच प्रश्न विचारायच्या. लीविया वरच्या खोलीतून कॉफी घ्यायला खाली उतरली, की पातेल्यावरची नजर न काढता त्या म्हणायच्या, "काय पोरी, आज मी काय करतेय?"

म्हणजे कादंबरीत काय करतेय.

लीविया एस्टोनियाची. खरं नाव लीवी. पण हलापा शहरात बाईचं नाव इतक्या लवकर संपवायची कोणाला सवय नाही, तेव्हा आम्ही ते लांबवलं. इथल्या विद्यापीठाने तिला वर्षभरासाठी बोलावलं होतं आणि आता तिसरं वर्ष चालू होतं. हालितिक वस्तीतल्या पुलाखाली, धुण्याच्या सार्वजनिक हौदांसमोर दोन्या तोमासांचं घर आहे. त्यातली वरची खोली तिने भाड्याने घेतली होती. मी त्याच गल्लीत दोन घरं सोडून राहतो आणि शहरातल्या एका दैनिकात काम करतो.

मायदेशी तिने चार कादंबऱ्या लिहिल्या होत्या. चौथीनंतर बरीच वर्षं तिला काहीच सुचलं नव्हतं. त्या चारही पुस्तकांत माणसं एकमेकांशी फारशी बोलत नाहीत, हे तिनेच मला सांगितलं होतं. इथे खिडकी उघडली की खाली हौदावर बायका कपडे आपटत असायच्या आणि कोणाचा नवरा, कोणाची सून, कोणाचं गुडघेदुखीचं औषध, असं सगळं वर यायचं. खिडकी बंद केली तर हलाप्याच्या दमट हवेत भिंतींना बुरशी धरते. तेव्हा खिडकी उघडीच राहिली आणि पाचवी कादंबरी सुरू झाली. तिच्यातली माणसं बोलायची थांबत नव्हती.

कादंबरीत एक घरमालकीण होती. नाव वेगळं, बाकी सगळं दोन्या तोमासांचं. कपाचा तळ दिसेल अशी पातळ कॉफी, आणि तीही कॉफीच्या मळ्यांनी वेढलेल्या गावात. भाडेकरूच्या डोक्याला साबण असताना गॅसचा बंब बंद करणं. रविवारी गल्लीत चित्रांच्या पत्त्यांचा खेळ बसला की पत्ते पुकारायचं काम स्वतःकडे घेणं आणि आवडत्या माणसाला जिंकवणं. खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी घेणं. दोन्या तोमासांना हे सगळं माहीत होतं आणि त्या खूश होत्या. तक्रार एकच.

"नाव कशाला बदललंस? लोकांना कळणार कसं, मी आहे ते?"

"लोकांना कळू नये म्हणूनच बदलतात, दोन्या तोमासा."

"ही कुठली रीत! उन्हातान्हात लग्न करायचं आणि वऱ्हाडाला पत्ता द्यायचा नाही."

तिच्या एस्टोनियन पुस्तकातलं अक्षरही गल्लीत कोणाला वाचता आलं नसतं. म्हणून दोन्या तोमासांनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं, की पुस्तक होत आलंय तर सर्वसंतांच्या दिवशी, म्हणजे एक नोव्हेंबरला, संध्याकाळी लीविया सगळ्यांना गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडी सांगेल. न्हावी दोन नाबोर (बाईला मानाने दोन्या म्हणतात, तसं पुरुषाला दोन) दुकानातल्या खुर्च्या देणार होते. समोरची चायो मक्याच्या पानात उकडलेले तामाल करणार होती.

ऑक्टोबरात लीविया माझ्या कचेरीत आली. समोर बसली आणि बराच वेळ बोललीच नाही. तिच्या बाबतीत यात काही विशेष नव्हतं, म्हणून मी बातमी पूर्ण केली.

"मी त्यांना मारलंय," ती म्हणाली.

"कोणाला?"

"दोन्या तोमासांना. शेवटून दुसऱ्या प्रकरणात. न्यूमोनिया. इस्पितळात, एकट्या. खिडकीकडे बघत जातात. माझे प्रकाशक म्हणाले, इतकं चांगलं मी आजवर काही लिहिलं नव्हतं."

"मग अडचण काय?"

"त्या रोज सकाळी विचारतात."

"काहीतरी सांगा."

"तेच करतेय. महिना झाला, मी सांगते, आज तुम्ही अंगण झाडताय. काल म्हणाल्या, किती झाडू गं मी, ते अंगण आहे की बाजारपेठ?"

"शेवट बदला."

"बदलून पाहिला. त्यांना बरं करून घरी आणलं. त्या वाचल्या आणि पुस्तक मेलं." तिने टेबलावरची माझी पेन्सिल उचलून पुन्हा ठेवली. "एक तारखेला सगळी गल्ली समोर बसणार. त्यांच्या तोंडावर कसं सांगू? माझ्या जेवणात मीठ कमी पडलं तर वर येऊन विचारणारी बाई आहे ती. अशा बाईला सांगू, तुम्हाला मी एकटीला मारलं?"

मी तिला आमच्या पानाबद्दल विचारलं. ते तिला माहीत होतं. दरवर्षी एक नोव्हेंबरला आमच्या दैनिकात एक पूर्ण पान निघतं आणि त्यावर शहरातल्या जिवंत माणसांना पद्यात मारलं जातं. याला कालावेरा म्हणतात. मृत्यू म्हणजे आमच्याकडे एक हाडकुळी बाई; ती येते, त्या माणसाच्या खोडी काढते आणि त्याला घेऊन जाते. नगराध्यक्ष दरवर्षी मरतात. बिशप मरतात, फुटबॉलचा प्रशिक्षक हरलेल्या प्रत्येक हंगामानंतर मरतो. दोन नाबोर दोनदा मेले आहेत आणि दोन्ही कात्रणं त्यांच्या आरशाच्या कडेला खोचलेली आहेत. दोन्या तोमासा एकदाही मेलेल्या नव्हत्या. दरवर्षी त्या मला विचारायच्या, "का रे एवारिस्तो, मी काय इतकी कोणीच नाही?" मी टाळत आलो होतो. शेजारणीवर लिहिलं की पुढचं वर्षभर तिच्या शेजारी राहायचं असतं.

"तुम्ही लिहा," मी लीवियाला म्हणालो. "त्या हवेत तरंगतील. पेपरात एकदा मेल्या, की पुस्तकातल्या मरणाचं त्यांना काही वाटणार नाही."

माझा हिशेब मला पक्का वाटला होता.

तिचा मजकूर शेवटच्या दिवशी, पान बंद होता होता आला. चार ओळी होत्या.

*पुलाखालच्या घरात आज दिवा मंद झाला,*
*तोमासाच्या खिडकीचा पडदा बंद झाला.*
*परक्या पोरीस जिने दिली आपली ऊब,*
*तिच्या उशाशी आता फक्त झेंडू अन् धूप.*

मी तिला फोन केला. "यात थट्टा कुठे आहे?"

"आठवडाभर प्रयत्न केला. थट्टा म्हणून जे लिहिते तो अपमान वाटतो. त्यांनी मला घर दिलंय हो."

"कॉफीबद्दल एक ओळ तरी?"

"नाही जमत."

पानावर नेमकी चार ओळींची जागा उरली होती, फुटबॉल प्रशिक्षकाच्या खाली. मी मजकूर लावला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफनभूमीच्या गर्दीची बातमी करायला मी कचेरीत बसलो होतो. फोन वाजला. दोन नाबोर होते. आवाज घोगरा.

"एवारिस्तो, दफन किती वाजता रे?"

"कोणाचं?"

"कोणाचं काय विचारतोस! तूच छापलंयस ना!"

"दोन नाबोर, अहो, ते थट्टेचं पान आहे."

"पान मला शिकवू नकोस, मी दोनदा मेलोय त्याच्यावर. त्या पानावर कधी कोणाला चांगलं म्हटलंय? बिशपच्या टकलावर आठ ओळी आहेत. नगराध्यक्षाला पोटासकट पेटीत बसवता येईना म्हणून लिहिलंय. आणि तोमासाला ऊब? तोमासाला? माणूस खरंच गेल्याशिवाय कोणी असं लिहील का? मी सकाळी वाचलं आणि दुकान बंद केलं. खुर्च्या पोचवल्यात मी. तू ये."

मी टॅक्सी केली.

घर भरलं होतं. दाराशी, जिन्यावर, हौदाच्या कठड्यापर्यंत माणसं. मयताच्या घरी आणतात ते सगळं आलं होतं: साखरेच्या पिशव्या, कॉफीची पुडकी, गोड पाव, मेणबत्त्या. आत दोन्या तोमासांनी स्वतःच आदल्या दिवशी मांडलेली वेदी होती. त्यांचे यजमान, बस चालवणारे दोन एलादियो, गेले तेव्हापासून त्या दरवर्षी मांडतात; या दिवसांत मेलेली माणसं घरी येऊन जातात, असं आमच्याकडे मानतात. वर झेंडूची कमान, खाली एलादियोंच्या आवडीचं जेवण आणि मधोमध दोघांच्या लग्नाचा फोटो. तो फोटो पाहिल्यावर कोणाला शंका राहायचं कारणच नव्हतं. चायो फोटोसमोर गुडघ्यावर बसून जपमाळ म्हणत होती आणि बाकीचे तिच्या मागे म्हणत होते.

लीविया दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातातली साखर घेत होती. चेहरा आनंदी.

"किती छान पद्धत आहे तुमची," ती मला म्हणाली. "मागची दोन वर्षं मी या दिवसांत गावी गेले होते, मला माहीतच नव्हतं. सगळी गल्ली येते. सगळे मला मिठी मारतात. मी प्रत्येकाला सांगतेय, दोन्या तोमासा परत आल्या ना, की हे सगळं बघून खूप खूश होतील."

"आणि ते काय म्हणतात?"

"म्हणतात, हो गं पोरी, येतील, आजच्या दिवशी नक्की येतील. आणि रडतात."

"दोन्या तोमासा कुठे आहेत?"

"पहाटेच गेल्यात. एलादियोंची कबर धुवायला. मग बाजारात."

मी तिला बाजूला घेतलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तिच्या हातात साखरेच्या तीन पिशव्या होत्या. त्या तिने अगदी सावकाश खाली ठेवल्या.

"म्हणजे मी त्यांना दोनदा मारलं," ती म्हणाली.

"आत जाऊन मी सांगतो सगळ्यांना."

पण तेवढ्यात मागच्या दाराने दोन्या तोमासा आत आल्या. कवेत झेंडूचा एवढा मोठा भारा, की त्यांचं डोकं जेमतेम दिसत होतं. स्वयंपाकघराच्या चौकटीत त्या थबकल्या. खुर्च्या पाहिल्या, मेणबत्त्या पाहिल्या, माणसांच्या पाठी पाहिल्या. जप चालू होता आणि चालू जपात कोणी मध्ये बोलत नाही. त्यांनी झेंडू जमिनीवर ठेवला, छातीवर क्रूस काढला, पुढे येऊन चायोच्या शेजारी गुडघे टेकले आणि त्याही म्हणू लागल्या. लीविया माझा दंड धरून उभी होती.

जपाचं एक आवर्तन संपलं. दोन्या तोमासा चायोच्या कानाशी कुजबुजल्या, "कोण गेलं गं?"

चायोचे डोळे मिटलेले होते. "तोमासा."

"कुठली तोमासा?"

"आपली गं. पातळ कॉफीवाली."

मग चायोने डोळे उघडले.

तिची किंकाळी पुलावरून जाणाऱ्या लोकांनाही ऐकू गेली, असं त्यांनी नंतर सांगितलं. दोन नाबोर उठले ते खुर्चीसकट. कोणीतरी म्हणालं, आली, खरंच आली. कोणीतरी जिन्यावरून पळालं. दोन्या तोमासा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पातळ?" त्या म्हणाल्या. "माझ्या मयताला येऊन माझी कॉफी पातळ?"

त्यांच्या या आवाजाने सगळ्यांची खात्री पटली. भुतं कॉफीवरून एवढी ओरडत असावीत असं आमच्याकडे कोणी मानत नाही. चायोने त्यांना मिठी मारली, मग दंडावर चापट मारली, मग पुन्हा मिठी मारली.

"मेली नाहीस तर सांगायचं होतंस!"

"कोणाला सांगू? मला कोणी विचारलं?"

दोन नाबोरनी खिशातून पेपर काढून दिला. दोन्या तोमासांनी तो हात लांब करून धरला आणि चारही ओळी मोठ्याने वाचल्या.

"ऊब," त्या म्हणाल्या. "हे वाचून मला स्वतःलाच वाटलं, मी गेले. एवारिस्तो, हे तुझं काम?"

"माझं आहे," लीविया म्हणाली. ती पुढे आली. "आणि आणखी एक आहे. पुस्तकातही मी तुम्हाला मारलंय. महिनाभर तुम्ही झाडत नव्हता. तुम्ही मेलेल्या होता."

लोक पुन्हा बसले. कोणी बसा म्हणालं नव्हतं.

"कशाने?" दोन्या तोमासांनी विचारलं.

"न्यूमोनिया."

"हं. कुठे?"

"इस्पितळात."

"जवळ कोण होतं?"

लीवियाने खाली पाहिलं. "कोणी नाही."

"म्हणजे? चायो?"

"नव्हती."

"नाबोर?"

"तेही नाही. तुम्ही एकट्याच. खिडकीबाहेर एक झाड होतं."

"झाड!" दोन्या तोमासा वळून सगळ्यांकडे बघत म्हणाल्या. "ऐकलंत? मला मरताना झाड दिलंय हिने!" मग त्या वेदीजवळच्या खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज खाली आला. "एलादियो गेला तेव्हा या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हा नाबोर मध्यरात्रीपर्यंत बसची गोष्ट सांगत होता, एलादियोने चुकून अख्खं वऱ्हाड दुसऱ्याच लग्नाला नेऊन उतरवलं ती. नवरा समोर पडलेला आणि मी हसतेय. इतकी हसले की चायोने मला पाणी पाजलं. आणि मला तू एकटीला पाठवलंस? का गं? मी काय वाकडं केलं तुझं?"

"काहीच नाही," लीविया म्हणाली. "आमच्याकडे असंच जातात. माझी आई तशी गेली. झाड तिच्या खिडकीतलं आहे."

दोन्या तोमासांनी शेजारची खुर्ची ओढून तिला बसवलं.

"मग ती तुझी आई आहे पोरी, मी नाही. तिचं मरण तिला दे. तिच्यासाठी वेगळं लिही, चांगलं लिही. मला माझी माणसं दे."

लीविया रडली. तीन वर्षांत आम्ही तिला रडताना पाहिलं नव्हतं आणि गल्लीत यावर मतभेद होते. एस्टोनियात रडत नाहीत असं दोन नाबोर म्हणायचे. त्यांनी आता आपलं मत बदललं.

"कॉफी ठेवा कोणीतरी," दोन्या तोमासा म्हणाल्या.

"तू बस," चायो म्हणाली. "मी आणलेली पुडी फोडते. आज तरी दाट होऊ दे. तुझ्या मयताला नाही, तर कधी पिणार आम्ही दाट?"

कॉफी आली, पाव आले. आता लोक जमलेच होते आणि खुर्च्या मांडलेल्याच होत्या, तेव्हा संध्याकाळची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. लीवियाने गोष्ट तेव्हाच सांगितली, पहिल्यापासून. बंबाची जागा आली तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं की हे त्याच्याही बाबतीत झालंय. पत्त्यांच्या खेळाची जागा आली तेव्हा दोन जुन्या रविवारांच्या निकालांवर भांडण झालं. शेवटून दुसरं प्रकरण आलं आणि लीविया थांबली.

"पुढे?" दोन नाबोर म्हणाले.

"पुढे मला माहीत नाही."

पुढचं मग सगळ्यांनी ठरवलं. न्यूमोनिया ठेवायचा, पण घरी. दोन्या तोमासांना हृदयविकार हवा होता, त्यात चेहरा चांगला राहतो. ते मतदानाने नाकारण्यात आलं. खुर्च्या दोन नाबोरच्या. बसची गोष्ट पुन्हा सांगायची. शेवटच्या क्षणी दोन्या तोमासा काय म्हणतील यावर बराच वेळ गेला. त्यांना काहीतरी देवाचं म्हणायचं होतं, पण चायो म्हणाली, "तू म्हणशील, बंब बंद केला का?" लोक इतके हसले की तेच कायम झालं. लीविया काही लिहून घेत नव्हती. गुडघ्यावर हात ठेवून ती नुसती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

कालावेराही तिथेच नव्याने झाली. ओळी कोणाच्या कुठल्या ते आता सांगता येणार नाही. पहिली लीवियाची होती, एवढं मला आठवतं.

*हाडकुळी आली न्यायला, टेकली खुर्चीवर,*
*तोमासा म्हणे, "कॉफी घे, मग निघू लवकर."*
*घोट घेऊन म्हणे ती, "बाई, काय हे पाणी!*
*मेलेल्यांनाही पाजू नये, इतकी ही अळणी!"*
*तरी नेली तिला. आता कबरींची तक्रार:*
*कोण कुणाकडे गेलं, हिच्याकडे समाचार.*

दोन तारखेच्या अंकात मी ती छापली. वर दुरुस्ती दिली: हालितिकच्या दोन्या तोमासा जिवंत आहेत, काल चुकून त्यांची स्तुती झाली, तरी खालील मजकूर अधिकृत समजावा. दोन्या तोमासांनी कात्रण वेदीवर लग्नाच्या फोटोला टेकवून ठेवलं. एलादियोने वर्षातून एकदाच यायचं आणि ते वाचायचं राहायचं, असं त्यांना नको होतं. त्या दिवशी हौदावर जी कोणी भेटली तिला त्यांनी विचारलं, "वाचलंस का? मला मारलं." आणि थोडं थांबून, "कॉफीचं खोटं आहे."

आता डिसेंबर चालू आहे. लीवियाचा शेवट अजून लिहून व्हायचाय. प्रकाशकांनी मुदत वाढवून दिली. ती म्हणते की प्रकरण लांबत चाललंय, कारण आलेल्यांपैकी कोणीच उठायला तयार नाही. आईवरचंही काहीतरी तिने सुरू केलंय, पण त्याबद्दल ती बोलत नाही आणि आम्ही विचारत नाही. काल सकाळी मी दोन्या तोमासांकडे साखर द्यायला गेलो होतो. त्या दिवशी आलेल्या साखरेचे वाटे त्यांनी गल्लीभर केले होते, त्यात माझ्याकडे जास्त आली होती. लीविया खाली आली. दोन्या तोमासांनी तिच्यापुढे कप ठेवला. तळ दिसत होता.

"काय पोरी, आज मी काय करतेय?"

"मेलेल्या आहात, दोन्या तोमासा. दोन नाबोर खुर्च्या आणतायत."

"किती आणतोय?"

"दुकानात होत्या तेवढ्या सगळ्या."

दोन्या तोमासांनी खिडकीतून गल्लीकडे नजर टाकली आणि मनातल्या मनात माणसं मोजली.

"कमी पडतील," त्या म्हणाल्या. "पुलापलीकडच्यांना बसवणार कुठे? चर्चमधून मागवून घे."

लीविया कप घेऊन वर गेली. आम्हाला खुर्ची सरकल्याचा आवाज आला.